साईट तुमची, स्पायवेअर वाचकाच्या फोनमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्था, वाचनालयं, क्लास, छोटी दुकानं यांच्या साईटी सांभाळणं हा माझा धंदा. साईट हॅक झाली की फोन येतो तो "लवकर साफ करून द्या" असा. "मधल्या काळात आमच्या साईटवर येऊन गेलेल्या लोकांचं काय?" असं विचारणारा फोन वर्षातून एखादा. खालचे प्रश्न त्या दुसऱ्या फोनाचे आहेत. दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी वकील नाही. कायद्याचं जिथे आलंय तिथे कलम दिलंय, ते घेऊन वकिलाकडे जा.

स्पायवेअर म्हणजे व्हायरसच ना?

भाऊबंद आहेत, पण स्वभाव वेगळा. स्पायवेअर म्हणजे लपून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर. स्पायवेअरला तुमचा फोन ठणठणीत चालायला हवा असतो, कारण तो चालला तरच ओटीपी, पासवर्ड, कॉन्टॅक्ट, फोटो पलीकडे पोचत राहणार. म्हणूनच ज्याच्या फोनमध्ये ते शिरलंय त्याला पत्ता नसतो, आणि म्हणूनच त्याला कुणीतरी सांगावं लागतं. फोन बंद पडला असता तर तो स्वतःच दुकानात गेला असता.

आमची साईट केवढीशी. दिवसाला चाळीस माणसं येतात. इथे कोण येणार हॅक करायला?

माणूस येत नाहीच. आपोआप चालणारे प्रोग्रॅम जुनं प्लगिन (साईटला जोडलेला तयार जादा प्रोग्रॅम) कुठे आहे ते शोधत इंटरनेटभर फिरत असतात, आणि दार उघडं दिसलं की आत. त्यांना तुमचं नावही माहीत नसतं. उलट छोट्या साईटवर लोकांचा विश्वास जास्त असतो. गावच्या वाचनालयाच्या साईटने सांगितलं 'हे डाउनलोड करा', तर सभासद करतो.

पण मला तर साईट व्यवस्थित दिसते!

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकूनच संशय येतो.

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची गोष्ट सांगते. सचिव रोज कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर पत्ता टाइप करून साईट उघडत, सगळं ठीक. एका सभासद बाईंनी काउंटरवर येऊन सांगितलं, "तुमच्या साईटवर गेलं की ब्राउझर अपडेट करा म्हणतंय." त्यांना उत्तर मिळालं, "ताई, तुमचा फोन जुना झाला असेल." ही तक्रार तशीच पडून राहिली. मी पाहिलं तेव्हा सर्व्हरवरच्या डॉट एचटीॲक्सेस फाईलमध्ये (येणाऱ्याला कुठे पाठवायचं याचे नियम हिच्यात असतात) वरच्या चार ओळी नेहमीच्या, आणि मग नुसती कोरी जागा. स्क्रोल करत खाली, आणखी खाली गेल्यावर शेकडो रिकाम्या ओळींखाली तो नियम लपवलेला: येणारा गूगलवरून आला असेल आणि मोबाईलवर असेल तरच त्याला दुसरीकडे पाठव. एकदा पाठवलेल्याला पुन्हा पाठवू नये म्हणून त्याच्या फोनमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची खूण, सुद्धा ठेवली होती. म्हणजे बाईंनी काउंटरवर दाखवायला फोन काढला असता तरी तो संदेश दिसला नसता. खोट्या ठरल्या असत्या बिचाऱ्या.

हे काही गावठी चोरांचंच तंत्र नाही. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनचं प्रकरण उघडकीला आलं. जुन्या ब्राउझरना नवी वैशिष्ट्यं पुरवणारा तिथला कोड लाखाहून जास्त साईटींनी आपल्या पानांत जोडलेला होता. फेब्रुवारीत ते डोमेन फननल नावाच्या चिनी कंपनीने विकत घेतलं आणि नंतर त्याच कोडमधून मोबाईलवरचे वाचक सट्ट्याच्या साईटींकडे वळवले जाऊ लागले. तो कोड ठरावीक मोबाईलवर, ठरावीक वेळीच जागा व्हायचा, आणि समोर साईटचा ॲडमिन आहे असं दिसलं की गप्प बसायचा.

तेव्हा तपासायचं असेल तर स्वतःच्या लॉगिन केलेल्या कॉम्प्युटरवर नको. वायफाय बंद करून, दुसऱ्याच्या फोनवर, गूगलमध्ये साईटचं नाव शोधून तिथून आत जा. आणि काउंटरवर कुणी तक्रार घेऊन आलं तर त्यांचा फोन जुना ठरवण्याआधी नाव, तारीख, वेळ लिहून घ्या.

मी टाकलंच नाही. जाहिरातवाल्याने किंवा प्लगिनवाल्याने टाकलं. मग मी जबाबदार कसा?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर एका वाक्यात नाही.

घुसवणारा गुन्हेगार वेगळा, हे कबूल. पण वाचकाने त्या जाहिरातवाल्याचं नाव कधी ऐकलेलं नसतं. तो तुमचं नाव वाचून आला. लग्नात जेवणातून विषबाधा झाली तर पाहुणे आचाऱ्याचा पत्ता शोधत नाहीत, यजमानाकडेच बघतात. यजमानाने स्वयंपाक केलेला नसतो, पण कोण कोण जेवून गेलं हे त्यालाच माहीत असतं. त्यामुळे निरोप पाठवणं त्याच्याकडेच येतं.

सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साईटवर हेच झालं. वॉनेज या फोन कंपनीची म्हणून आलेली जाहिरात आधी साधीसुधी दिसत होती. शनिवार-रविवार गाठून तिच्या जागी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' अशी खोटी खिडकी उघडू लागली आणि बनावट अँटिव्हायरस गळ्यात मारू लागली. वृत्तपत्राने स्वतः काहीच केलेलं नव्हतं. तरी त्यांनी आपल्याच साईटवर वाचकांसाठी सूचना लावली: अशी खिडकी दिसली तर क्लिक करू नका, ही अनधिकृत जाहिरात आहे.

आणि कधीकधी मालक स्वतःच्या हाताने दार उघडून देतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ मध्ये एन्टरनेट मीडिया या कंपनीवर कारवाई केली. त्या प्रकरणात ब्लॉगवाल्यांना आमिष होतं ते फुकट संगीताचं. पानात एक कोड चिकटवा, वाचकांना गाणं ऐकू येईल. गाण्याबरोबर स्पायवेअर उतरवण्याचा आग्रह करणाऱ्या खिडक्याही येत. ब्लॉगवाल्यांना वाटलं, आपण पान सजवतोय.

युरोपात हा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला. फॅशन आयडी या जर्मन कपडे दुकानाने साईटवर फेसबुकचं 'लाइक' बटण लावलं होतं, आणि बटण न दाबणाऱ्यांचीही माहिती फेसबुककडे जात होती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी म्हटलं की माहिती गोळा करून पुढे पाठवण्यापुरता साईटमालकही संयुक्तपणे जबाबदार आहे, आणि ते वाचकाला सांगण्याचं कामही त्याचंच. फेसबुकने पुढे त्या माहितीचं काय केलं, हे मात्र दुकानावर टाकलं नाही. मला ही वाटणी पटते. दुसऱ्याचा कोड तुम्ही आपल्या पानात घेतलात, तर त्या पानापुरतं उत्तर तुम्ही द्यायचं.

वाचनालयात काय झालं होतं? एका ओळखीच्या मुलाने पैसे वाचवायला विकतची थीम (साईटच्या रूपाचा तयार साचा) कुठून तरी फुकट मिळवून बसवली होती. अशा फोडलेल्या थीममध्ये मागचं दार आधीच ठेवलेलं असतं. मुलगा सज्जन आहे, त्याने चांगल्या मनाने केलं. सूचना लिहायची वेळ आली तेव्हा मात्र ती संस्थेलाच लिहावी लागली.

भारतात कायद्याने सूचना देणं बंधनकारक आहे का?

'साईटवर स्पायवेअर आढळल्यास मालकाने प्रत्येक वाचकाला कळवावं' असं सरळ कलम मला दाखवता येणार नाही. पण आजूबाजूने बरंच काही आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ पाहा. मालकाच्या परवानगीवाचून कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये 'कॉम्प्युटर कंटॅमिनंट' घालणं किंवा घातलं जाण्यास कारण होणं यासाठी नुकसानभरपाई आहे. या शब्दाच्या व्याख्येत माहिती बदलणाऱ्या आणि नष्ट करणाऱ्या सूचनांबरोबर ती नोंदवणाऱ्या व पाठवणाऱ्या सूचनाही येतात. स्पायवेअर करतं ते हेच. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नकळत हॅक झालेल्या साईटचा मालक लबाड ठरत नाही. पण कळल्यावरही जाहिरातीचे पैसे येतात म्हणून ते पान तसंच चालू ठेवलं, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

दुसरं, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. कंपन्या, सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायच्या आहेत. त्या यादीत साईटमध्ये घुसून घातक कोड किंवा बाहेरच्या लिंक घालणं हा प्रकार आहे आणि स्पायवेअरही नाव घेऊन आहे. लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे, हेही त्यातच. कित्येक स्वस्त होस्टिंगवर लॉग काही दिवसांतच पुसले जातात, म्हणून आजच होस्टिंगवाल्याला विचारा. सर्ट-इनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९.

तिसरं, साईटवर फॉर्म असेल, लोकांची नावं, फोन नंबर साठत असतील आणि तेही गेले असतील तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत आणि डेटाफुटीची माहिती न दिल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला कळवायचं. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कळवण्याचं बंधन त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतं. आकडे ऐकून वाचनालयाच्या खजिनदारांना घाम फुटला होता. ते 'पर्यंत' आहेत, हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

तळाला बारीक अक्षरात 'ही साईट स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी' लिहिलंय. पुरेल ना?

नाही. 'गाडी पार्किंग मालकाच्या जोखमीवर' ही पाटी लावून कुणी स्वतःच पार्किंगमध्ये खिळे पसरून ठेवत नाही. आणि त्या ओळीने वाचकाला काय कळतं? काहीच नाही. सूचनेत काय घडलं, कधी, आणि आता काय करायचं एवढं तरी हवं.

आधी सफाई की आधी सूचना?

आधी गळती बंद. साईट तात्पुरती उतरवा आणि त्या जागी एक साधं पान ठेवा, ज्यात जुन्या थीमचा, प्लगिनचा, बाहेरच्या कोडचा अंशही नाही. पहिली छोटी सूचना त्याच पानावर, त्याच दिवशी. सविस्तर नंतर. संपूर्ण चौकशी होईपर्यंत थांबू नका. तेवढ्या दिवसांत लोकांच्या बँक खात्यातून पैसे जातात.

एक मात्र करा: काहीही पुसण्याआधी सगळ्या फाइली आणि लॉग यांची प्रत काढून बाजूला ठेवा. उत्साहाच्या भरात सगळं स्वच्छ करून टाकलं की कोणत्या तारखेपासून घाण होती ते सांगता येत नाही, आणि तारीख नसलेल्या सूचनेचा कुणालाच उपयोग नाही. फाइलवर दिसणाऱ्या तारखेवर भिस्त ठेवू नका, ती खोटी पाडता येते. जुने बॅकअप एकेक करून ताडून पाहा.

सूचना लिहायची कशी?

वाचनालयाच्या कार्यकारिणीने आधी हे लिहिलं होतं: 'काही तांत्रिक कारणास्तव संकेतस्थळ बंद होते. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' हे वाचून ज्याच्या फोनमध्ये ते ॲप बसलंय तो काय करणार? काही नाही. निवांत झोपणार.

चांगल्या सूचनेचा माझा आवडता नमुना हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा आहे. मे २०१७ मध्ये त्यांच्या डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर मॅकसाठीची फाईल कुणीतरी बदलली आणि तिच्यात प्रोटॉन नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घातलं. त्यांनी जाहीर केलं: २ मे, दुपारी २.३० ते ६ मे, सकाळी ११ (जागतिक प्रमाणवेळ) या काळात ज्यांनी मॅकसाठी डाउनलोड केलं, त्यांना बाधा झाली असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. ओळखायचं कसं, तर 'ॲक्टिव्हिटी एजंट' नावाची प्रोसेस चालू आहे का पाहा. काढायचं कसं, तेही दिलं. वर सांगितलं की मॅकच्या कीचेनमधले आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदला. 'निम्मी-निम्मी' लिहायला धाडस लागतं. आपल्याकडे असतं तर 'अत्यल्प वापरकर्ते' लिहिलं गेलं असतं.

वाचनालयाची अखेरची सूचना अशी झाली:

'१२ ते २९ जून या काळात गूगलवरून आमच्या साईटवर मोबाईलने आलेल्या काही वाचकांना "ब्राउझर अपडेट करा" असा संदेश दिसला. तो आमचा नव्हता. त्यावर बोट ठेवल्यास एक ॲप उतरत होते आणि ते मेसेज वाचण्याची परवानगी मागत होते. ज्यांनी ते ॲप इन्स्टॉल केले त्यांनी लगेच मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि ॲप काढून टाकावे. ज्यांनी काही इन्स्टॉल केले नाही त्यांना या ॲपचा धोका नाही. साईटवर परवाना नसलेली थीम वापरली गेली, ही आमची चूक. एका सभासदाने आधी सांगूनही आम्ही लक्ष दिले नाही, हीसुद्धा. शंका असल्यास फोन घेऊन संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत वाचनालयात यावे.'

'हीसुद्धा' या शब्दावर अर्धा तास वाद झाला. राहिला शेवटी.

सूचना कुठे लावायची? व्हॉट्सॲपवर टाकली तर चालेल?

साईटच्या पहिल्या पानावर वरती, आणि ज्या पानावरून घात झाला त्या पानावर. पत्ता किंवा ईमेल असलेल्यांना थेट. व्हॉट्सॲपवर टाका, पण त्यात लिंक नको आणि जोडलेली फाईल तर मुळीच नको. लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून एपीके (अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या) फाइली फिरतात ते लोकांनी पाहिलंय. 'तुमच्या फोनमध्ये धोका आहे, इथे क्लिक करा' हा मेसेज शहाणा माणूस उडवूनच टाकेल, आणि बरोबर करेल. साधा मजकूर, संस्थेचा नेहमीचा लँडलाइन नंबर, शक्य असेल तर सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो. वाचनालयाने सूचना छापून बाहेरच्या फळ्यावरही लावली. साईटवर वाचणाऱ्यांपेक्षा फळ्यावर वाचणारे जास्त निघाले.

मग येणाऱ्या प्रत्येकाला 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशी खिडकी दाखवू का?

कृपा करून नको. ती चोरांची भाषा आहे. शिवाय साईटला वाचकाच्या फोनमध्ये काय आहे ते दिसतच नाही. अमुक अँटिव्हायरस घ्या अशी शिफारसही सूचनेत नको. त्यावर कमिशन मिळत असेल, तर मग काही बोलायलाच नको.

बाधा झालेल्या वाचकाला काय सांगायचं?

अँड्रॉइड असेल तर क्रम महत्त्वाचा. फ्लाइट मोड. मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन जागी अनोळखी नावाला दिलेली परवानगी काढा. ती असेपर्यंत ॲप अनइन्स्टॉल व्हायला तयार होत नाही. मग ॲप काढा, मग इंटरनेट चालू करून गूगलच्या प्ले प्रोटेक्टने तपासणी. कॉल फॉरवर्डिंग कुणी चालू करून ठेवलंय का तेही पाहा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून. शंका उरली तर फॅक्टरी रीसेट. पैसे गेले असतील तर हे सगळं राहू द्या, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नंतर करता येते. फोन साफ करण्याआधी त्या ॲपच्या नावाचा, आयकॉनचा दुसऱ्या फोनने फोटो काढायला सांगा.

गूगलने 'ही साईट धोकादायक आहे' असा लाल पडदा दाखवलाच आहे. तो पुरेसा नाही का?

तो पुढे येणाऱ्यांसाठी. आधी येऊन गेलेल्यांना तो काही सांगत नाही, आणि गूगलच्या लक्षात येईपर्यंत तुमच्या साईटने बरंच काही वाटून झालेलं असतं. पडदा हटवायला गूगलच्या सर्च कन्सोल या साईटमालकांसाठीच्या सोयीतला सुरक्षेचा विभाग पाहा, दाखवलेली पानं दुरुस्त करा आणि मग फेरतपासणी मागा. मूळ दार बंद न करता मागितलीत तर पुन्हा पडदा पडतो.

गूगल चुकत नाही असंही नाही. ३१ जानेवारी २००९, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजत होते. कुणीतरी घातक पत्त्यांच्या यादीत चुकून नुसती तिरकी रेघ टाकली, आणि ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते. तासाभराच्या आत दुरुस्त झालं, पण तेवढ्या वेळात शोधाच्या प्रत्येक निकालाखाली 'ही साईट तुमच्या कॉम्प्युटरला हानी पोचवू शकते' दिसत होतं. तरी तुमच्या साईटवर पडदा आला तर गूगलची चूक असेल असं गृहीत धरू नका. नसते.

लोक घाबरून येणंच बंद करतील.

काही करतील. वाचनालयात सूचना वाचून आठवडाभरात अकराजण फोन घेऊन आले. त्यातल्या दोघांच्या फोनमध्ये ते ॲप सापडलं. बाकीच्या नऊजणांनी सभासदत्व सोडलं नाही. एका आजोबांनी मात्र "आता आलोच आहे तर" म्हणून फोनवरचा फाँट मोठा करून घेतला.

कुकी आणि ॲनालिटिक्स (साईटवर कोण किती येतं ते मोजणारा कोड) हेही स्पायवेअरच का?

नाही, पण सीमारेषा पुसट आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाच्या प्रस्तावनेत स्पायवेअर, वेब बग (पानात लपवलेली, माग काढणारी चित्रं) आणि लपवलेल्या खुणा यांचा उल्लेख एकाच दमात येतो. माझा साधा नियम: आपल्या पानात बाहेरून कोणकोणता कोड येतो त्याची यादी हाताने लिहून काढता येत नसेल, तर तो कोड काढा. वाचनालयाच्या साईटवर असे नऊ निघाले, त्यातले सात कुणी लावले ते कुणालाच सांगता आलं नाही.

वाचक भरपाई मागू शकतो का?

मागू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, निर्णय अधिकारी म्हणून, चालतात. तुम्ही वेळेवर सूचना दिली होती याचा कागद अशा वेळी जवळ असलेला बरा.

संस्था बंद पडली, साईटही बंद केली. आता तर काही नाही ना?

डोमेनची मुदत संपू दिलीत तर आहे. सुटलेलं नाव कुणीही विकत घेतो, आणि जुन्या स्मरणिकेवर, जिल्ह्याच्या संस्थांच्या यादीत, दुसऱ्यांच्या साईटवर छापलेला तुमचा पत्ता त्याच्या कामी येतो. पॉलिफिलमध्ये हॅकिंग नव्हतंच, रीतसर खरेदी होती. संस्था गुंडाळताना निदान काही वर्षं डोमेनचे पैसे भरून ठेवा, ज्यांनी लिंक दिल्यात त्यांना ती काढायला सांगा आणि पत्त्यावर 'ही साईट बंद झाली आहे' एवढं पान राहू द्या.

सूचना किती दिवस ठेवायची?

मी निदान सहा महिने सांगते, कारण तीन महिन्यांनी फोन उघडून बघणारेही असतात. वाचनालयाने साईटवरची सूचना जानेवारीत काढली. फळ्यावरची अजून आहे. सचिव म्हणाले, काचेच्या फळ्याची किल्ली सापडत नाही.